तागडी आणि अणूंची गणती

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. या लष्करातील एक वस्ती म्हणजे जयेंद्रगंज. गंज म्हणजे बाजारपेठ, आणि पेठ म्हटली की तागडी आलीच. देशातील पेठांना तागडीची एक युक्ती चांगली ठाऊक होती. ब्रिटिश अमदानीतील चांदीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा भरे. आणि ८० तोळ्यांचा शेर होई. तेव्हा थैलीतील रुपये शेरभर भरले, की ते ८० आहेत हे एकेक न मोजताही कळे. एका नाण्याचे वजन ठाऊक असले, की तागडी गणतीही करते.

रसायनशास्त्राला मात्र हीच युक्ती साधावयास अर्धशतक लागले. कारण तेथे एका ‘नाण्याचे’ वजनच वादग्रस्त होते. जॉन डाल्टन यांनी १८०८ मध्ये अणूंच्या वजनांचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. परंतु पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एकच अणू असतो असे गृहीत धरल्याने ऑक्सिजनचे वजन निम्म्याच्या आसपास ठरले. इकडे लष्कर वसत होते त्याच सुमारास, १८११ मध्ये, इटलीतील आमेदेओ आव्होगाद्रो यांनी सांगितले की, तापमान व दाब समान असता वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. गोंधळ इतका वाढला की, व्हिनेगारमधील साध्या आम्लाची १९ निरनिराळी सूत्रे केकुले यांनी आपल्या ग्रंथात नोंदविली.

अखेर सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्लस्रूए येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तेथे स्तानिस्लाओ कानिझ्झारो यांनी आव्होगाद्रोंचा विचार पुन्हा मांडला आणि त्यांची पुस्तिका उपस्थितांत वाटली गेली. अणुभारांचा वाद त्यातून मिटू लागला. आव्होगाद्रो मात्र १८५६ मध्येच निवर्तले होते.

पुढे त्या शतकाच्या अखेरीस ओस्टवाल्ड यांनी ‘मोल’ हे नाव रूढ केले. मराठीतील किमतीच्या मोलाशी त्याचा संबंध नाही. एक मोल म्हणजे सुमारे ६०२२ वर २० शून्ये देऊन होणारी कणांची संख्या. २० मे २०१९ पासून तिचे नेमके मूल्य व्याख्येनेच निश्चित झाले आहे.

भारतात १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि तोळा-शेर मागे पडले. पण जुन्या थैलीचे गणित आजही वर्गात उपयोगी पडते. कार्बनच्या एका मोलाचे वजन १२ ग्रॅम. म्हणून २४ ग्रॅम कार्बन म्हणजे २४ भागिले १२, अर्थात २ मोल. तो पूर्ण जळण्यास ऑक्सिजनचे २ मोल लागतात, आणि ऑक्सिजनचा मोल ३२ ग्रॅमचा असल्याने ते ६४ ग्रॅम भरतात. वजनास वजन म्हणून २४ ग्रॅमच ऑक्सिजन दिला, तर पूर्ण जळेल तो केवळ ९ ग्रॅम कार्बन. अणूंचा संयोग संख्येने होतो, वजनाने नव्हे. विद्यार्थी ग्रॅमला मोलाच्या वजनाने भागतो, तेव्हा शेरभर थैलीतील रुपयेच तो मोजीत असतो.