ऑपरेशन झालं, आता चालायचं कोणाबरोबर?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन म्हटलं की पुष्कळजणींना इजिप्तच्या इमान अहमद आठवतात. फेब्रुवारी 2017 मध्ये मालवाहू विमानानं त्या मुंबईत आल्या. वजन सुमारे 500 किलो. क्रेन लावून त्यांना सैफी रुग्णालयात न्यावं लागलं. ती क्रेन टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. पण वर्षानुवर्षं अंथरुणात असलेल्या बाईचे हातपाय रोज हलवून घेणं, हे काम कोणाच्या लक्षात राहिलं? 7 मार्चला त्यांचं ऑपरेशन झालं. पुढं अबूधाबीत उपचार चालू असताना त्याच वर्षी 25 सप्टेंबरला त्या वारल्या.

हातपाय हलवून घेण्याच्या या विद्येचा इतिहास आम्हाला आज सांगायचा आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला दोन-तीन आठवडे जागचं हलू देत नसत. टाके उसवतील ही भीती. 1899 मध्ये शिकागोच्या एमिल रीस या स्त्रीरोगतज्ज्ञानं लिहिलं, की अशा बायांना एक-दोन दिवसांत उठवावं, त्या लवकर बऱ्या होतात. फार कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या महायुद्धात दवाखान्यांत खाटा पुरेनात, रोग्यांना लवकर उठवावं लागलं, तेव्हा कुठं पटलं. पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छातीत कफ साठतो, अंगातली ताकद जाते.

आपल्याकडं ही विद्या पोलिओच्या निमित्तानं रुजली. 1950 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर, परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीची शाळा निघाली. देशातली ती पहिली. लुळ्या पडलेल्या लेकरांना चालवण्यासाठी माणसं तयार करायची होती. म्हणजे बघा, “व्यायाम कर” एवढं सांगून भागत नाही, करवून घेणारं माणूस लागतं, हे तेव्हाच कळलं होतं.

वजनाचं ऑपरेशन त्यानंतरचं. अमेरिकेत आयोवाचे डॉक्टर एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बाया नंतर बारीकच राहतात. त्यावरून त्यांनी 1966 मध्ये जठराचा बायपास केला. पण जठर लहान झालं की नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात आणि हाडंही विरळ होतात. म्हणून जेवताना आधी वरण, अंडं, दही, मटकी, डॉक्टरांनी दिलेल्या बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, आणि व्यायाम.

आता आपली अडचण. भोकरदनची किंवा मंठ्याची बाई मोठ्या शहरातून ऑपरेशन करून गावी आली. घरात दोन मतं. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीसारखी निजून राहा. दुसरे म्हणतात, शेतात कामं पडलीत, तोच व्यायाम. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. चालणं तर दवाखान्यातच पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू करतात, पण भरलेली घागर किंवा कापसाचं गाठोडं साधारण 4 ते 6 आठवडे, डॉक्टर हो म्हणेपर्यंत, उचलायचं नाही. वाकून कापूस वेचणं म्हणजे चालणं नव्हे. शिवाय रिकाम्या हातानं चालणारी बाई दिसली की अख्खं गाव विचारतं, “कुठं निघालीस?” दोघीतिघी असल्या की तो प्रश्न बंद होतो.

बचत गटाला हे जमतं, पैसा लागत नाही. ऊन चढायच्या आत दोघींनी तिला घेऊन निघायचं. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, जमेल तसं मारुतीच्या देवळापर्यंत. बोलता बोलता दम लागू नये एवढाच वेग. वजन उचलायची परवानगी मिळाली की ओट्यावरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं 8-10 वेळा, मग 1 लिटर पाण्याची बाटली हातात धरून हात वर-खाली. किती चाललो ते गटाच्या वहीत लिहायचं, पण वजन लिहायचं नाही. ते तिचं आणि डॉक्टरांचं. तिच्या अंगावरून थट्टा करणारीला सोबत घेऊ नये, हेही सांगून ठेवतो.

एका पायाची पोटरी सुजून दुखली, एकदम धाप लागली, छातीत दुखलं किंवा उलट्या थांबेनात, तर त्या दिवशी चालणं नाही. 108 ला फोन करून सरळ दवाखाना गाठायचा.