खाडाखोड आणि सही

बँकेत वीस वर्षं काढली की एक गोष्ट अंगात मुरते : एका कागदावर दोघांनी लिहायचं नसतं. एकाने व्हाउचर करायचं, दुसऱ्याने तपासायचं आणि खाडाखोड झालीच तर तिथे सही ठोकायची. असे असूनही मी, वाणिज्य शाखेचा पदवीधर, धुळ्याच्या दादाबरोबर एकाच कागदावर एकाच वेळी लिहायला बसलो.

त्याचं असं झालं. माय धुळ्याला दादाकडे, मी जळगावात. मधे नव्वदेक किलोमीटर आणि एस.टी. मायच्या आठवणी लिहून ठेवाव्यात असे आम्हा दोघांच्याही मनात आले. पुतण्या म्हणाला, "काका, गूगल डॉक्स घ्या. कागद एक, पेनं दोन."

या कागदाची कुळकथा फार जुनी नाही. २००५ साली अमेरिकेतल्या एका चिमुकल्या कंपनीने 'राइटली' काढलं. मार्च २००६ मध्ये गूगलने ते विकत घेतलं आणि त्याच वर्षी त्याचं नवं बारसं केलं. २०१० पासून तर समोरच्याचं एकेक अक्षर उमटताना दिसू लागलं. कागद आपल्या यंत्रात नसतोच. दूरच्या मोठ्या यंत्रात असतो. सगळ्यांची अक्षरं तिथे जातात, नीट लागतात आणि सगळ्यांकडे परत येतात. आमच्या बँकेसारखंच : खातं जळगावचं, पैसे धुळ्यात.

पण मंडळी, दोघांनी मिळून लिहिणं खानदेशाला नवं नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या कामं करता करता गाणी रचायच्या आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी ती उतरवून घ्यायचे. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने गाणी छापली गेली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. पण गाणी आली ती आईच्या बोलीतच. तिकडे धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी दासबोध छापला तो कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. परंपरा सांगते, शिवथरघळीत समर्थ सांगत आणि कल्याण लिहीत. म्हणजे एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. आमच्या घरात दुसऱ्याचीच वानवा.

पहिल्याच रात्री माय दादाला १९७२ च्या दुष्काळाचं सांगत होती. ती तेव्हा नवी नवरी. दादाने तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं : "इहीरमा पानी नई व्हतं, पन डोयामा व्हतं." जळगावात बसून मी ते पाहिलं आणि माझ्यातला अधिकारी जागा झाला. वाक्य पुसून मी लिहिलं : "विहिरीस पाणी नव्हते, तथापि नेत्री अश्रू होते." दादाने माझं पुसलं. मी दादाचं पुसलं. अर्धा तास दोन सख्खे भाऊ एका विहिरीवर भांडत होते आणि पाणी कुणालाच मिळत नव्हतं.

शेवटी दादाने मायला माझं वाक्य वाचून दाखवलं. फोनवर तिचा आवाज आला :

"हाई कोन बोली ऱ्हायनं रे? मी तं अशी नई बोलस."

मी गप्प. कॉलेजात गेल्यापासून मी अहिराणी घराच्या उंबऱ्यात काढून ठेवत आलो. आता मायच्या तोंडातूनही ती काढायला निघालो होतो. आणि ही माय काही पुन्हा नवी नवरी होऊन सगळं सांगायला येणार नव्हती.

या कागदाला एक सोय आहे. कुणी, केव्हा, काय बदललं याची नोंद राहते आणि जुनी प्रत परत आणता येते. मी ती आणली. त्या दिवसापासून माय सांगते, दादा उतरवतो आणि मी नुसता वाचतो.

आता साठ पानं झाली आहेत. त्यात माझं एकही वाक्य नाही. नोंदीत खाडाखोड तेवढी माझी आहे, आणि तिच्यापुढे यंत्राने न विचारता माझी सही घेऊन ठेवली आहे.