क्लेमेंटाइन पॅडलफर्ड : खाद्यपत्रकारितेतील अग्रणी

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात १८९८ मध्ये जन्मलेल्या क्लेमेंटाइन पॅडलफर्ड यांनी १९२१ मध्ये पत्रकारितेची पदवी घेतली. ऐन तिशीत त्यांच्या स्वरयंत्राला कर्करोगाने ग्रासले. शस्त्रक्रियेनंतर श्वासासाठी गळ्यात कायमची नळी आली. आवाज घोगरा झाला. तरीही मुलाखतींवर चालणारा हा व्यवसाय त्यांनी सोडला नाही. नळी झाकण्यासाठी गळ्याभोवती मखमली फीत बांधून त्या वावरत. १९३६ मध्ये त्या ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये रुजू झाल्या. स्वतः छोटे विमान चालवीत त्या देशभर हिंडल्या आणि घरोघरच्या पाककृती, त्या रांधणाऱ्या माणसांच्या हकिगतींसह, त्यांनी टिपल्या. त्यातूनच १९६० मध्ये ‘हाऊ अमेरिका ईट्स’ हा ग्रंथ साकारला. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.