वाळू, मळी आणि कोर

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्र्यांत भट्टीवाल्याला मान. कोर शॉपकडे सहसा कोणी बघत नाही. मी आयुष्यभर कोर केले, म्हणून ही बाजू लिहितोय.

इंजिनाच्या हेडात पाणी फिरायला पोकळी लागते, त्या जागी साच्यात वाळूचा कोर बसवतात. चौदाशे अंशांच्या आसपासचा बिडाचा रस त्याच्या अंगावर येतो. तेवढा वेळ त्यानं दम धरायचा आणि बीड थिजलं की भुगा होऊन बाहेर पडायचं. कासार्डे-फोंड्याकडची वाळू कितीही चांगली असली तरी नुसती उभी राहत नाही, बाइंडर लागतो. जुन्या काळी मळी, डेक्स्ट्रिन, जवसाचं तेल. मळी उसाच्या मुलखात हाताशीच. कोर भट्टीत भाजले की करपलेल्या गुळाचा वास सुटायचा. बाइंडर जास्त झाला तर कोर खणखणीत, पण गॅस सुटून कास्टिंगला ब्लो होल. सगळी कला त्या मापात.

मग सोडियम सिलिकेट आलं. वाळूत कालवायचं, वरून कार्बन डायऑक्साइड सोडायचा, भट्टीशिवाय कोर कडक. मात्र ओतकामाच्या उष्णतेनं तो काचेसारखा बसायचा. कास्टिंग साफ करणारे फेटलिंगवाले छिन्नी मारून हैराण, शिव्या आम्हाला. उपाय काय निघाला? त्यातही थोडी मळी! ती जळते, मग कोर फुटतो.

हाडाचं गणितही याच वाळू-बाइंडरच्या जातीचं: एक कडक, एक धरून ठेवणारा. वजनानं सुमारे दोन तृतीयांश खनिज, बाकी मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. भाजून कोलॅजन घालवलं तर हाड ठिसूळ होतं, आम्लात ठेवून खनिज काढलं तर वाकतं. कृत्रिम हाड करणारे संशोधक ही जोडी न तुटणारी करायला बघतात; आम्हाला ती वेळेवर तुटणारी हवी. मला विचाराल तर आमचं काम जास्त अवघड, पण हे कोर शॉपवाल्याचं मत.

पुढे शेल कोर आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत योहानेस क्रोनिंग यांनी काढलेली ही पद्धत. फिनॉलिक रेझिन चढवलेली वाळू तापल्या कोर बॉक्समध्ये टाकायची; बाहेरचा थर पक्का, आतली वाळू ओतून परत. पोकळ कोर, गॅसला वाट. वासानं मात्र डोळे चुरचुरायचे, त्यापुढे मळी बरी. नंतर आलेल्या, न तापवता कोर कडक करणाऱ्या कोल्ड बॉक्सचा अमाइनचा वास तर घरापर्यंत कपड्यांत यायचा.

आता जर्मनीत लँड्सहूटला बीएमडब्ल्यूच्या फौंड्रीत सेंद्रिय काही न घालता कोर करतात. पण तिथं ॲल्युमिनियम. बिडाचा ताप फार जास्त, म्हणून आमच्याकडे अजून रेझिनच.