ईश्वर आणि नीती

ईश्वर आणि नीती : ईश्वर मानल्यावाचून नीती उभी राहते का, आणि नीती मानणाऱ्याला ईश्वर मानावाच लागतो का, यासंबंधीचा तत्त्वज्ञानातील वाद. व्यवहारात ‘देवाचे भय गेले तर माणूस बिघडेल’ एवढ्यावर हा विषय संपवला जातो. पण भयामुळे माणसे सरळ वागत असली, तरी त्यावरून ईश्वर आहे असे ठरत नाही आणि सरळ वागणे म्हणजे काय हेही कळत नाही. तत्त्वचिंतकांचे प्रश्न याहून खोल जातात : चांगल्याला चांगलेपण कोठून येते, ते कोणत्या साधनाने कळते, आणि सत्कर्माचे फळ कर्त्यापर्यंत कोण पोचवते? हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेच या वादात बरीच गफलत झाली आहे.

पहिला प्रश्न प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात नेमका विचारलेला आहे. आपल्याच वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला निघालेला युथिफ्रो, देवांना काय प्रिय आहे हे आपल्याला ठाऊक असल्याचे सांगतो. सॉक्रेटिस त्याला विचारतो, की एखादे कृत्य देवांना प्रिय आहे म्हणून पवित्र ठरते, की ते पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय होते? पहिला पर्याय घेतला तर नीती देवांच्या लहरीवर राहते. दुसरा घेतला तर ती देवांच्या आधीची ठरते. आज्ञेवर नीती उभारणाऱ्या प्रत्येक मताला या पेचातून वाट काढावी लागते.

भारतात खरी झुंज तिसऱ्या प्रश्नावर झाली. यज्ञ आज होतो आणि स्वर्ग मरणानंतर मिळतो; मधल्या काळात कर्म तर संपून जाते. मग फळ कोठून येणार? वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचे उत्तर असे, की कर्मातून ‘अपूर्व’ नावाची शक्ती निर्माण होते आणि तीच योग्य वेळी फळ देते. वाटप करणारा कोणी लागत नाही. ब्रह्मसूत्रांतही हा मतभेद नोंदलेला आहे : मीमांसेचे सूत्रकार जैमिनी यांच्या मते फळ धर्मापासून, तर बादरायणांच्या मते ईश्वरापासून मिळते.

सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या मीमांसक कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त जगत्कर्त्या ईश्वराची कल्पनाच तपासायला घेतली. ईश्वराने दयेपोटी सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी दया करावी असा जीव कोण होता? आणि दयाच कारण असती, तर त्याने केवळ सुखी जीवच निर्माण केले असते. काही हेतू साधायचा होता म्हणावे, तर त्याला काही उणे होते असे कबूल करावे लागते. हे लिहिणारा माणूस वेदांचा आणि यज्ञधर्माचा कट्टर कैवारी होता, हे विसरू नये. ईश्वर नाकारला की धर्म बुडालाच, हे समीकरण वैदिक परंपरेच्या आतूनच खोटे ठरलेले आहे. मात्र कुमारिलांची बुद्धी एका जागी थांबते. ईश्वराविरुद्ध ते तर्क मोकळेपणाने चालवतात, पण धर्म कळण्याचे साधन त्यांच्या लेखी अपौरुषेय वेद हेच. तेथे तर्काला स्वतंत्र अधिकार नाही.

मीमांसकांना आणि ईश्वर नाकारणाऱ्या बौद्धांना सर्वांत समर्थ उत्तर मिथिलेच्या नैयायिक उदयनाचार्यांनी दिले. त्यांच्या ‘लक्षणावली’चा काळ शके ९०६ (इ. स. ९८४) असा दिला जातो. ‘न्यायकुसुमांजली’ या पाच स्तबकांच्या ग्रंथात ते आधी जीवांच्या वाट्याला येणाऱ्या विविध सुखदुःखांवरून ‘अदृष्ट’, म्हणजे पूर्वकर्मांतून उरलेली अदृश्य शक्ती, सिद्ध करतात आणि पुढे त्यावर ईश्वराची गरज दाखवतात. अदृष्ट जड आहे. सुताराच्या हाताशिवाय कुऱ्हाड चालत नाही, तसे ते जाणत्या अधिष्ठात्याशिवाय फळ देऊ शकत नाही. या उत्तराची किंमतही मोजावी लागते. ईश्वर कर्मानुसारच फळ देत असेल, तर फळाच्या बाबतीत तोही कर्माने बांधलेला ठरतो. ईश्वरावर पक्षपाताचा आणि क्रूरतेचा आरोप येऊ नये म्हणून ब्रह्मसूत्रांनी हे बंधन आधीच मान्य केले होते.

युरोपात इमान्युएल कांट (१७२४–१८०४) याने वादाची दिशाच बदलली. ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ (१७८१) या ग्रंथात त्याने ईश्वर सिद्ध करणारी प्रचलित प्रमाणे अपुरी ठरवली. तसेच ईश्वर नाही हेही बुद्धीला सिद्ध करता येत नाही, असे दाखवले. कर्तव्याचा नियम बुद्धी स्वतःच स्वतःला घालून देते. त्यासाठी आज्ञा करणारा लागत नाही. तरीही ‘व्यावहारिक बुद्धीची मीमांसा’ (१७८८) या ग्रंथात ईश्वर परत येतो. सद्गुण आणि त्याला साजेसे सुख यांचा मेळ हे नीतीचे पूर्ण साध्य असून निसर्ग त्याची हमी देत नाही. म्हणून ईश्वर आणि आत्म्याचे अमरत्व गृहीत धरावे लागते, असे कांट म्हणतो. हे ज्ञान नव्हे, ही नैतिक श्रद्धा आहे, असे तो बजावतो. धर्मविषयक लेखनाबद्दल १७९४ मध्ये प्रशियाच्या राजाने त्याला ताकीद दिली आणि राजाच्या मृत्यूपर्यंत (१७९७) त्याने या विषयावर जाहीर लेखन थांबवले.

उदयन आणि कांट यांत आठ शतकांचे अंतर आहे, तरी दोघांच्या युक्तिवादाचा पाया एकच : विश्वाचा हिशेब शेवटी न्याय्य असलाच पाहिजे. उदयनांना तो हिशेब चाललेला दिसतो, कांटला त्याची आशा बाळगणे भाग वाटते. कांटची मांडणी अधिक सावध आहे. पण विश्वाला न्याय-अन्यायाशी कर्तव्य नाही, असे जडवादी चार्वाकाप्रमाणे जो म्हणेल, त्याला दोन्ही युक्तिवाद बांधून ठेवू शकत नाहीत. आणि असे म्हणणाऱ्यालाही दुसऱ्याचे दुःख कळते. तेवढ्यावर त्याला नीती उभारता येते. हा पर्याय दोघांनीही पुरेसा गंभीरपणे घेतला नाही.

मराठीत तो गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांनी घेतला. १८८८ साली सुरू केलेल्या ‘सुधारक’ पत्रातून त्यांनी आचाराची कसोटी शास्त्राज्ञा नसून बुद्धी आणि मनुष्याचे सुख ही आहे, असे निर्भयपणे मांडले. त्यासाठी पुण्यात त्यांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून सुरू केलेल्या मासिकात विवेकवादाची, म्हणजे श्रद्धेऐवजी विवेकावर उभ्या असलेल्या जीवनदृष्टीची, क्रमवार मांडणी केली. ‘आजचा सुधारक’ हे त्या मासिकाचे नाव आगरकरांच्या पत्रावरूनच घेतलेले आहे.