एक मोहरी, दोन वाटा

चायनीज पाककृतीत 'प्रिझर्व्ह्ड व्हेजिटेबल' असं वाचलं की गोंधळ उडतो, कारण या नावाने निदान दोन वेगळे पदार्थ विकले जातात. लसणाचा वास असलेले तपकिरी बारीक तुकडे, बहुधा बुटक्या बरणीत, म्हणजे थ्येनचिनचा खारवलेला कोबी. तिखटाने माखलेली, मुठीएवढी, हिरवट, गाठी-गाठींची भाजी म्हणजे झा-त्साय. आज हिच्याबद्दल.

ही गाठ म्हणजे मोहरीच्या रोपाचा फुगलेला दांडा. वनस्पती तीच, ब्रासिका जुन्सिया, जिचे दाणे आपण फोडणीत टाकतो. मी राहतो त्या भाईंदरजवळच्या गावाचं नावच राई, त्यामुळे मला याची जरा जास्तच गंमत वाटते :) आपण दाणा उचलला, सिचुआनने दांडा. आमच्या धंद्याच्या भाषेत, एकाच कोडच्या दोन ब्रँच!

झा-त्सायची सुरुवात 1898 साली यांगत्से नदीकाठच्या फूलिंगला झाली असं मानतात. दांडे आधी वाऱ्यावर सुकवायचे, मग मीठ लावायचं आणि लाकडी दाबाखाली खारं पाणी काढून टाकायचं. 'झा' म्हणजे दाबून पिळणं, 'त्साय' म्हणजे भाजी. पाणी गेलं म्हणून भाजी टिकली, आणि टिकली म्हणून नदीवाटे दूरच्या बाजारात पोचली.

पण सिचुआनला समुद्र कुठला? तिथे मीठ जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून काढत. त्झकुंगची शनहाय विहीर 1835 साली हजार मीटरच्या खाली पोचली होती! आमच्याकडे खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं, बाकीचं काम ऊन करतं. इथून पुढे उत्तनला गेलात तर बांबूंवर वाळणारे बोंबील दिसतील. वारा, ऊन, मीठ. हत्यारं दोन्हीकडे तीच.

हे कळलं की स्वयंपाकही कळतो. झा-त्सायमधलं मीठ प्रवासासाठी आहे, आपल्या जिभेसाठी नाही. म्हणून तिखट धुवून टाका, पातळ काप करा, अर्धा तास पाण्यात ठेवा आणि चाखून बघा. फार खारट लागलं तर पाणी बदला. मग नूडल्समध्ये परता, वरून मीठ घालू नका.

चीनमध्ये ती सकाळच्या पातळ भाताबरोबर खातात. आपल्या भाषेत, पेजेबरोबर. करून बघा, परकी वाटणार नाही.