टांगलेले इंजिन

आमचे पोखर्णी हे नृसिंहाचे गाव. परभणीहून परळीला जाणारी आगगाडी येथे थांबते, यात्रेकरू उतरतात, दर्शन घेतात आणि पुढे जातात. समुद्र येथून शेकडो मैल दूर. गोदावरी, जिला आम्ही गंगाच म्हणतो, तीदेखील पुढे गंगाखेडला भेटायची. अशा गावच्या मास्तराने नावेच्या इंजिनावर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण त्याला निमित्त घडले ते असे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी गंगेच्या काठी पुरात वापरायच्या रबरी बोटीची चाचणी होती, म्हणून मी वर्गातली पोरे घेऊन गेलो होतो. दोघे जण बसून बोट निघाली ती बाणासारखी. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग तीत दहा माणसे चढली, आणि त्याच बोटीचे तोंड आकाशाकडे, बूड पाण्यात, इंजिनाचा नुसता आक्रोश. माझ्याशेजारी एक म्हातारे भोई उभे होते. नाव वल्हवण्यात त्यांचा जन्म गेलेला. मी म्हणालो, "मामा, इंजिन कमी पडतंय वाटतं."

"इंजिन नाई कमी पडत, गुरुजी. माघं लई जड झालंय. दोन मानसं म्होरं बसवा, अन् त्ये यंत्र दोन बोटं वर उचला."

सांगितल्याप्रमाणे केले, आणि बोट सरळ झाली. त्या दोन बोटांनी माझे डोके पछाडले. मिळेल ते वाचीत सुटलो.

पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा इतिहासच मुळी अशा एका फेरफारापासून सुरू होतो. फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा इंग्लंडातला जनावरे चारणारा शेतकरी. 1836 साली त्याने जहाज ढकलणाऱ्या मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. त्याचा लाकडी स्क्रू चांगला दोन वेढ्यांचा होता. जितके वेढे जास्त तितका जोर जास्त, असा त्याचा साधा हिशेब. पुढच्या वर्षी लंडनच्या कालव्यात एका टकरीत निम्मा स्क्रू मोडून पडला, आणि मोडक्या स्क्रूची नाव अधिक वेगाने धावू लागली! वर्षभर डोके खपवून जे कळले नाही ते धडकेने कळले. पुढे इंग्रजी आरमाराने 'रॅटलर' जहाजावर निरनिराळ्या आकारांचे पंखे लावून पाहिले, आणि 3 एप्रिल 1845 रोजी 'रॅटलर'ने चाकांच्या 'अलेक्टो'ला शेपटाला बांधून उलटे ओढत नेले. ही ओढाओढ पुस्तकांतून रंगवून सांगतात. मला मात्र त्याआधीची ती कंटाळवाणी पंखेबदल अधिक मोलाची वाटते.

इंजिनच नावेबाहेर टांगायची कल्पना खपाऊ केली ती ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन कारागिराने. उन्हाळ्यात प्रियतमेसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना ते वितळले, म्हणून त्याने हे यंत्र काढले, असे सांगतात. 1909 साली त्याची दीड अश्वशक्तीची मोटर बाजारात आली. वजन 62 पौंड, म्हणजे एका माणसाने खांद्यावर न्यावे इतके.

याच मोटरीचे लाड पुढे अमेरिकेत पुरवले गेले ते बास नावाच्या माशासाठी! 1948 च्या सुमारास लुइझियानात या माशाच्या शिकारीसाठी खास बोट निघाली. 1967 पासून शिकारीच्या मोठ्या स्पर्धा भरू लागल्या, आणि वेगासाठी मोटर अर्धा अर्धा इंच वरखाली करणारे शौकीन निपजले. पंख्याच्या वर मोटरीला एक आडवी पट्टी असते. ती नावेच्या तळाच्या रेषेत आणून सुरुवात करायची. मोटर फार खाली राहिली तर पाणी तिला मागे धरते. फार वर गेली तर पंखा हवा गिळतो. फेरे वाढतात आणि नाव जागची हलत नाही. मोटरीचा पाय नावेकडे ओढला की नावेचे तोंड दबते, बाहेर सोडला की उचलते. पंख्यावर त्याचा पेचही इंचांत कोरलेला असतो, म्हणजे घन पदार्थात एका फेऱ्यात तो किती पुढे सरकला असता ते. पेच एक इंच कमी केला की इंजिनाचे मिनिटाचे फेरे दीडशे-दोनशेने वाढतात. मोठा पेच हलक्या नावेला पळवतो, आणि भरलेल्या नावेत इंजिनाचा घसा धरतो. गाडी भरून चढ चढताना वरच्या गिअरात ठेवावी, तसे.

बास पकडणाऱ्याच्या नावेत दोन माणसे असतात. आमच्या पुराच्या नावेत म्हातारी, तान्हे पोर, धान्याचे बोचके आणि जमले तर शेळी. चाचणी मात्र आम्हीही दोन माणसांनिशीच घेतो!

8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली. डझनाहून अधिक माणसे गेली, त्यांत बायका होत्या, मुले होती. बोटीत पेलवेल त्याहून अधिक माणसे होती. पंख्यात फांदी अडकल्याचेही तेव्हा सांगण्यात आले. काठावर पाणी चढत असताना चढणाऱ्याला नको म्हणायचे कोणी, आणि कोणत्या तोंडाने? म्हणून जे करायचे ते उन्हाळ्यातच. भरल्या बोटीची चाचणी, छोट्या पेचाचा पंखा, आणि किती जण कोठे बसायचे याच्या खुणा.

मामांकडे मी पुन्हा गेलो होतो. रॅटलरची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "त्या जहाजात मानसं किती व्हती?"

मला सांगता आले नाही.